सोमवारी बंद

ड्रमवाले आजोबा नेमके काकांच्या खुर्चीत बसले. काका गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं. भाचीने घाईने मावशीकडे पाहिलं. मावशीने खुर्चीच्या हातावरचं वर्तमानपत्र तेवढं उचलून बाजूला ठेवलं.

“त्यांना विचार, कॉफीत साखर किती?”

भाचीने जर्मनमध्ये विचारलं. “नको म्हणतात. डॉक्टरांनी बंद केलीय.”

“म्हणजे घरचे डबा लपवून ठेवत असणार. एक चमचा घाल.”

आजोबांनी पहिला घोट घेतला आणि तक्रार केली नाही.

तिघांमधले आता तेच एकटे उरले होते. पियानोवाला आणि गिटारवाला केव्हाच गेले. तरुणपणी हे तिघे जर्मनीत एका सायकलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तालीम करायचे. दुकानाच्या दारावर ‘सोमवारी बंद’ अशी पाटी होती, तेच त्यांनी आपल्या चमूचं नाव ठेवलं. जॅझमध्ये रॉक मिसळून त्यांनी दोन रेकॉर्डी काढल्या. त्या खपल्या नाहीत, कंपनी बुडाली, आणि खुद्द आजोबांकडेही एक प्रत राहिली नाही.

मावशीकडे दोन्ही होत्या. काकांच्या मागे आवराआवर करताना एका खोक्यातून निघाल्या, असं ती फोनवर म्हणाली होती. तेव्हापासून भाची कधीही आली तरी त्यातलीच एक लागलेली असायची. संथ, जड पावलांचं संगीत. एक सूर संपून दुसरा येईपर्यंत खोलीतलं घड्याळ ऐकू यायचं. शेजारीण, बहीण, जुन्या विद्यार्थिनी, सगळ्यांना मावशीने काही ना काही कारण सांगून हळूहळू कटवलं होतं. या तिघांना मात्र ती रोज घरात घ्यायची.

भाचीने ते संगीत इंटरनेटवर चढवलं, तेव्हा कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी लिहिलं. रात्रपाळी करणारी एक नर्स, घटस्फोट झालेला एक दंतवैद्य. इतकं एकटं संगीत आपण ऐकलं नव्हतं, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यांच्यातल्याच कोणीतरी आजोबांना शोधून काढलं. आजोबांना इंटरनेटवरचं ऐकायचं नव्हतं. सुईखालचं हवं होतं, म्हणून ते विमानात बसले.

मावशीने तबकडी कडांवर धरून बाहेर काढली, ब्रशने पुसली आणि सुई उतरवली.

आजोबांनी डोळे मिटले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजू लागली आणि लगेच अडखळली. बोटं पुढे पळत होती, संगीत मागे राहत होतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. त्यांनी डोळे उघडले.

“चुकीच्या वेगावर लावलीय,” ते भाचीला जर्मनमध्ये म्हणाले. “ही मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची आहे, तेहतीसची नव्हे. आम्ही लोकांना नाचवायला वाजवलं होतं हे.”

भाचीने फिरणाऱ्या तबकडीकडे पाहिलं. तबकडी मोठी होती. मोठी म्हणजे तेहतीसची, असंच सगळे धरून चालतात, आणि लेबलवर वेग छापलेलाच नव्हता. पण मावशीने जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेलं. नुसत्या आवाजावरून पंख्याचं बेअरिंग गेलंय म्हणून सांगायची. तिला कसं कळलं नसेल? दुःखात माणसाचे कानही आपले राहत नाहीत, असं भाचीने स्वतःला समजावलं.

“काय म्हणाले?” मावशीने विचारलं.

“म्हणतात, हे असं त्यांनीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.”

मग चेहरा हसरा ठेवून ती आजोबांकडे वळली. “तिला सांगू नका,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “नवरा गेल्यापासून तिच्याजवळ एवढंच आहे. हेही चुकीचं निघालं तर ती ऐकायची बंद होईल, आणि मग या घरात काहीच उरणार नाही. तुम्हाला मी योग्य वेगाचं रेकॉर्डिंग पाठवीन.”

आजोबांनी कप खाली ठेवला. गेलेल्या दोन मित्रांना ऐकायला ते एवढ्या लांब आले होते. थोडा वेळ ते मावशीकडे पाहत राहिले. मग मागे टेकले. बोटं पुन्हा वाजू लागली, या वेळी अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाला जिना चढवावा तशी संगीताला धरून. दोन्ही बाजू संपेपर्यंत ते उठले नाहीत.

निघताना त्यांनी मावशीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी म्हणाले.

“म्हणतात, हे आता आमचं नाही, तुमचं आहे,” भाचीने सांगितलं. हे भाषांतर मात्र शब्दाला शब्द खरं होतं.

टॅक्सी कोपऱ्यावर वळली, तेव्हा कुठे भाचीचा जीव भांड्यात पडला. ती आत आली. मावशी कप गोळा करत होती.

“भला माणूस,” मावशी म्हणाली. “पंचेचाळीस एकदाच म्हणाला. मग गप्प बसला बिचारा.”

भाची दारातच थांबली. “तुला जर्मन कधीपासून कळायला लागलं?”

“आकडे तेवढे कळतात. शाळेत होतीस तेव्हा याच घरात पाठ करायचीस. कान किटले होते आमचे.”

“मावशी, मग आता तरी वेग बदल ना. खरं कसं आहे ते एकदा ऐक तरी.”

“ऐकलंय की. खोक्यातून कसल्या निघतायत? तू नोकरीला लांब गेलीस, त्यानंतर आणल्या तुझ्या काकांनी.” मावशीने नळ सोडला आणि कप त्याखाली धरला. “रोज सकाळी दाढी करताना पंचेचाळीसवर लावायचे. त्या वेगाला लावली की मी बाथरूमच्या दाराकडे बघत बसते.”