केतकीचा घास

“काय खाल्लं होतं यानं?” टेबलावर निपचित पडलेल्या गुंड्याचं पोट दाबत डॉक्टरांनी विचारलं. सकाळपासून चार उलट्या झालेला कुत्रा मान वर करायलाही तयार नव्हता.

“रोजचा दहीभातच,” नलिनी म्हणाली. मग नवऱ्याची नजर चुकवत पुटपुटली, “आणि दुपारी तूप लावलेली पोळी. आमची केतकी ताटातला शेवटचा घास द्यायची याला. ती सासरी गेल्यापासून मी देते. आधी घासभर द्यायचे, आता अख्खी पोळी होते.”

नवऱ्याने घसा खाकरला. “मीही देतो. सकाळी. गूळ घालून.”

“अहो, तुम्ही?”

नलिनी बघतच राहिली. लेकीच्या पाठवणीच्या वेळी हा माणूस मांडववाल्याशी हुज्जत घालत होता. त्यानंतर दीड महिन्यात तिचं नावही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. ‘बाप कसला, दगड आहे,’ असं नलिनी बहिणीला फोनवर सांगून मोकळी झाली होती.

“तूप-गूळ एकदम बंद,” डॉक्टर हसले. “दोन दिवस नुसती पेज द्या. होईल बरा.”

घरी येऊन दोघं चहा-पोळी घेऊन बसली. शेवटचा घास उचलून नवऱ्याचा हात सवयीने खुर्चीखाली गेला आणि तिथेच थांबला. गुंड्या दाराकडे तोंड करून झोपला होता.

नवऱ्याने तो घास नलिनीच्या बशीत ठेवला.