जेवणानंतरची गोळी

“लाल गोळी कशाची?” पानावर बसता बसता हिंदुरावांनी विचारलं.

“रक्तदाबाची. जेवणानंतर,” तव्यावरची भाकरी उलटत तारामती म्हणाली.

“आणि ही पांढरी?”

“ती तुमच्या गुडघ्याची. माझ्या डब्यात कशाला घातलीत?”

हिंदुराव वरमले. रेल्वेत गार्ड असताना गाडी तपासल्याशिवाय त्यांनी कधी हिरवा झेंडा दाखवला नव्हता. चौऱ्याऐंशी साली निवृत्त होऊन ते जयपुरातच, आदर्श नगरात राहिले, आणि तपासायला उरली एकटी बायको. तीही गोळ्यांच्या या तोंडी परीक्षेत रोज पैकीच्या पैकी मार्क मिळवायची.

तरी तिचा रक्तदाब उतरत नव्हता. परवा भोवळ येऊन ती न्हाणीघरात पडली, तेव्हापासून हिंदुरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळीच डॉक्टर बजावून गेले होते, “माताजी, इस हफ्ते नहीं उतरा तो भरती करना पड़ेगा.”

“आज माझ्यासमोर घे गोळी. तुझंही पान वाढून घे.”

“आज कशी घेऊ? सोमवारचा उपास आहे.”

“मग गोळी?”

“जेवलेच नाही, तर जेवणानंतर कुठलं? डॉक्टरच म्हणालेत, खाने के बाद. उपाशीपोटी घेऊन भलतंच काही झालं म्हणजे?”

हिंदुरावांचा घास हातातच राहिला. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. आपण जेवून पेपर तोंडावर घेऊन आडवे होतो. मागून ही जेवते की नाही, ते कधी पाहिलंच नाही. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

“कोणासाठी गं एवढे उपास?”

“कोणासाठी म्हणजे? गेल्या वर्षी तुमच्या छातीत कळ आली, तेव्हाच देवाला बोलले होते. आता बघा, कसे ठणठणीत आहात.” तिने त्यांची गोळी पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवली. “जेवा, आणि ही घ्या.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. देव तिच्या बाजूने होता, आणि तिच्या हिशेबी डॉक्टरसुद्धा. हिंदुरावांनी घास ताटात ठेवला आणि ताट पुढे सरकवलं.

“तू जेवल्याशिवाय मी जेवायचा नाही,” ते म्हणाले. “आणि माझीही गोळी जेवणानंतरचीच आहे.”