विस्कटलेल्या रेषा

आकाशात रेडिओलहरी सोडायच्या आणि वातावरणाच्या वरच्या थराची उंची कागदावर उमटवायची, हे काकांचं वेधशाळेतलं तीस वर्षांचं काम. सूर्य मावळला की कधीकधी रेषा विस्कटायची. मग साहेबांनी झापायच्या आधीच काका कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून टाकायचे, 'माझी चूक'.

आज त्याच विस्कटलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन एक संशोधक मुलगी दारात उभी होती. काका ओशाळले. "मला ते यंत्र कधी नीट लावताच आलं नाही गं."

"यंत्र ठीकच होतं, काका. त्या-त्या संध्याकाळी वरच्या विद्युतभारित वायूत बुडबुडे उसळत होते. मी त्यांचाच अभ्यास करते. तुमचे आभार मानायला आलेय."

काका कागदांकडे बघतच राहिले. मग खोडरबर शोधायला उठले.

तिने त्यांचा हात धरला. "राहू द्या ना. लाखभर कागदांतून हे मला त्या दोन शब्दांमुळेच सापडले."