रविवारपुरती जागा

नगरपालिकेने भरती अडवणारा विजेचा पडदा सुरू केला, समुद्र मागे सरला आणि बुडालेला कोळीवाडा उघडा पडला. ही जमीन आता पालिकेची होती आणि दर रविवारी संध्याकाळपर्यंत लोकांना वापरायला मिळायची. कुणी व्हॉलीबॉलचं नेट बांधलं, कुणी भज्यांची कढई चढवली.

चांगुणाबाईंनी मात्र चिखल खरवडून आपल्या जुन्या घराचा दगडी उंबरठा शोधला आणि त्यावर तांदळाचं माप ठेवलं. समोर नवी सून केतकी शालू उचलून उभी होती.

पालिकेचे निरीक्षक कुलथे तरातरा येऊन उंबरठ्याच्या आतल्या बाजूला वाट अडवून उभे राहिले.

"मावशी, इथे फक्त खेळ आणि खाऊचे स्टॉल. संध्याकाळी पडदा बंद झाला की सगळं पाण्याखाली. कसला गृहप्रवेश करताय?"

"पाणी संध्याकाळी येईल. सून आत्ता आलीय."

"अहो, पण घर आहे कुठे?"

केतकीने उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ शेवाळावर पसरले. ती आत आली आणि थेट कुलथेंसमोर उभी राहिली.

"साहेब, आमच्या घरात बूट घालून येत नाहीत."

कुलथेंनी खाली पाहिलं. मग वाकून त्यांनी बुटाची नाडी सोडली.