परवानगीची गरज नाही

"काका, एकदा वाचा आणि 'मान्य' दाबा," म्हणत मुग्धानं लॅपटॉप भगवंतरावांपुढे सरकवला.

जयनगरच्या मराठी वाचनालयात रविवारी सकाळी दोघंच होती. इथल्या सगळ्या पुस्तकांची सूची भगवंतरावांनी वर्षानुवर्षं एकट्यानं खपून केली होती. आजपासून ती खुली व्हायची होती. कुणीही उतरवून घ्यावी, आपल्या सूचीत मिसळावी. समितीत हा ठराव मांडला होता तोही खुद्द भगवंतरावांनीच. ज्ञानाला कुलूप नको, हे ते बेळगावात होते तेव्हापासून म्हणत आले होते.

त्यांनी चष्मा पुसला. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"'परवानगीची गरज नाही.' म्हणजे आता फोन करायचा नाही कुणी?"

"कशाला करतील? इतके दिवस उगाच तुम्हाला त्रास. आता तुम्ही एकदम फ्री, काका!"

म्हणे त्रास! जुन्या सूचीखाली त्यांचा नंबर होता: वापरण्यापूर्वी विचारावे. लोक विचारत. धारवाडहून, नागपूरहून, एकदा तर मॉरिशसहून एक बाई. भगवंतराव 'नाही' कुणालाच म्हणत नसत; पण 'हो' म्हणायला त्यांना अर्धा तास लागे. तुम्ही मूळचे कुठले, तिकडं थंडी काय म्हणते, जेवण झालं का, सगळं विचारून व्हायचं. बायको गेल्यापासून घरात फोन वाजे तो एवढ्यासाठीच. एरवी कर्ज हवंय का विचारणारे. त्यांच्याशीही ते दोन वाक्यं जास्तच बोलत.

"खाली माझा नंबर असू दे की," ते म्हणाले.

"पण कशासाठी, काका?"

"कुणाला चूक सापडली तर?"

मुग्धा हसली. "तुमच्या सूचीत? मी सगळं चेक केलंय. एक चूक निघाली नाही. बरं, टाकते. 'चूक आढळल्यास कळवावे.' सरी?" तिनं इथल्या कानडी सवयीनं विचारलं.

"सरी."

त्यांनी 'मान्य' दाबलं. तत्त्व स्वतःचंच होतं, माघार कुठल्या तोंडानं घेणार?

"मी खालून कॉफी आणते," मुग्धा उठली. "मग अपलोड करू. तोवर शेवटची नजर टाकायची तर टाका."

तिची पावलं जिन्यावरून उतरली आणि खोली नेहमीसारखी झाली. भगवंतरावांना एकाएकी फार एकटं वाटलं. उद्या सूची जगभर जाईल, लोक तिच्यातून हवं ते घेतील, आणि कुणी साधं 'घेऊ का?' म्हणून विचारणार नाही.

मागे एकानं आंब्याच्या लागवडीचं पुस्तक वैद्यकाच्या कपाटात ठेवलं होतं, तर त्या दिवशी भगवंतरावांना जेवण गोड लागलं नव्हतं. त्याच भगवंतरावांनी आता लोणच्यांवरचं एक पुस्तक शोधून काढलं. विषयाच्या रकान्यातलं 'पाककला' खोडलं. जिन्याकडे एकदा पाहून त्यांनी सावकाश टाइप केलं: युद्धशास्त्र.

मुग्धा कॉफीचे दोन ग्लास घेऊन आली.

"काही सापडलं?"

"काही नाही. टाक तू."

तिनं बटण दाबलं. "झालं! सूची आता सगळ्यांची."

भगवंतरावांनी खिशातून फोन काढला, त्याचा आवाज पूर्ण वाढवला आणि टेबलावर अगदी हाताशी ठेवला.

"कॉफी गार होतेय, काका. कुणाचा फोन यायचाय का?"

"बघू," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात येतं का."