साडेचार तासांचं विमान

"काका, आवाज खाली. बाहेर कस्टमर बसलेत," अभिजीतने केबिनचं दार ओढून घेतलं.

हिंदुराव ओरडत नव्हताच. ओरडायला छातीत हवा लागते, आणि त्याची हवा मुलाच्या शेवटच्या मेसेजनेच काढून घेतली होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या याच ऑफिसने सुयोगला बँकॉकच्या नोकरीवर धाडलं होतं. हिंदुरावने फोन टेबलावर सरकवला.

'अण्णा, विमान उतरलं. ऑफिस अर्ध्या तासावर आहे म्हणाले होते. सात तास झाले, गाडी चालूच आहे. पासपोर्ट काढून घेतलाय. पुढे नदी दिसतेय.'

हा मेसेज शनिवारचा. आज मंगळवार, आणि तेव्हापासून सुयोगचा फोन बंद.

"ट्रॅफिक असेल, काका."

"तीस वर्षं कंपनीची बस चालवली मी, भाऊ. सात तासांत शहर संपतं. मुलूखसुद्धा संपतो."

अभिजीतने पाण्याचा ग्लास पुढे केला. "पोरगा सुखरूप आहे. तिकडच्या माणसाला मी संध्याकाळी फोन लावतो ना. पण तुम्ही पोलीस-बिलीस केलंत, इथे राडा केलात, तर तो माझाही फोन उचलणार नाही. मग पोराचं काय होईल ते मला विचारू नका."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे हिंदुरावचं नाक दाबून तोंड मिटवलं होतं. पाण्याचा ग्लास त्याने तसाच टेबलावर ठेवला.

अभिजीतने दार उघडून त्याला बाहेर आणलं. तिथे बाकावर मायलेकी बसल्या होत्या. पोरीच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नवाकोरा पासपोर्ट होता.

"नमस्कार, द्रौपदीताई," अभिजीत तोंड भरून हसला. "हे खरवईचे काका. यांचा मुलगा परवाच तिकडे गेला. तुमची तेजल जाणार तिथेच. विचारा त्यांनाच." बोलता बोलता त्याने हिंदुरावच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, विमानाला किती वेळ लागतो हो?" तेजलने विचारलं. "आई घाबरलीय जाम."

खांद्यावरची बोटं रुतली. बोलावं तर सुयोग, न बोलावं तर ही पोर.

"साडेचार तास," तो म्हणाला.

"बघ आई! आपली नाशिकची एसटीपण तेवढाच वेळ घेते." तेजल हसली. "आणि पोचल्यावर त्याने लगेच फोन केला?"

वाकून हिंदुरावने पोरीच्या मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला, आणि तो काढला नाही.

"शनिवारी निघालाय, बाळा. अजून पोचला नाही."