रिकाम्या पॅडचं माप

हे पट्टे तुम्ही कापलेत. उंदरांनी नाही, पोरींनी नाही. तुमच्या हॉकी संघटनेनं, हातात कात्री घेऊन, पूर्ण शुद्धीत. गोलकीपरचे नवे पॅड पाहुण्यांपुढे टेबलावर मांडायचे होते. तुम्ही ते रिकामेच बकलात आवळून उभे केले. पट्ट्यांची टोकं लोंबत राहिली. फोटोत घाण दिसतं म्हणून छाटून टाकलीत. पॅडच्या आत पाय असतो, हे तुमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

आज निवड चाचणी. शहरातून राज्याच्या शिबिराला एकच गोलकीपर जाणार. वारज्याची संस्कृती गोलमध्ये बसून तेच पॅड चढवत होती. पट्टा पोटरीमागून ओढला, तरी बकल चार बोटं लांबच. तिच्या कोच शर्मिला मॅडमनी स्वतःच्या बुटांच्या नाड्या उपसल्या, पट्ट्यांना जोडून गाठी मारल्या.

"फिरणार गं हा पॅड."

"फिरू दे मॅडम. उभी तर राहते."

पाचांपैकी पहिले दोन फटके तिनं पायावर घेतले. तिसऱ्याला गाठ सरकली, पॅड गर्रकन बाजूला फिरला आणि चेंडू उघड्या नडगीवर बसला. ती कोसळली. चेंडू आत गेला.

संघटनेचे सचिव खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "पायात दम नाही. पुढची पाठवा."

"अहो, पट्टे पुरत नाहीयेत!" शर्मिला मॅडम बिननाडीचे बूट फरफटत धावल्या. "पाच मिनिटं द्या, धड पॅड मागवते."

"चांगला गोलकीपर कारणं देत नसतो, मॅडम. आणि वारज्याकडच्या पोटऱ्याच जरा जास्त भरल्यात, त्याला संघटना काय करणार?"

शेजारच्या खुर्च्या हसल्या.

संस्कृतीनं ते ऐकलं. बसल्या जागी तिनं दोन्ही पॅड ओरबाडून काढले आणि खुर्च्यांच्या दिशेनं भिरकावले. "घाला तुम्ही. बसले तर मी मुकाट घरी जाते."

कुणी हात लावला नाही.

डोक्यावर हेल्मेट, खाली नुसते मोजे, अशी ती गोलच्या रेषेवर उभी राहिली. नडगी टरारून सुजली होती. "सलोनी, मार. माझे दोन फटके उरलेत."

नारायण पेठेतली सलोनी सगळ्यांत जोरात मारणारी. तिनं चेंडू ठिपक्यावर ठेवला, स्टिक मागे नेली आणि तशीच थांबली.

"सर, हिच्या पायात काही नाहीये."

"अगं, पुढची येतेय ना. तिला घे."

"ही हलत नाहीये, सर. मारू?"

सचिवांनी खिशातून मोबाईल काढला.

"त्यात काय बघताय?" सलोनीचा आवाज चढला. "मारू का थांबू? तोंडानं सांगा, सर!"